महापौर कुणाचा आणि चावी कुणाची?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज ज्या निवडणुकीबद्दल मी बोलणार आहे तिच्यात इथे बसलेल्या बहुतेकांना मतच नाही. कंधार, मुखेड, हदगाव, भोकर, तिकडे अहमदपूर, चाकूर, रेणापूर इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला नांदेडच्या किंवा लातूरच्या महापौराशी काय घेणेदेणे, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. आपल्याला कापसाच्या भावाची चिंता, ज्वारीच्या कणसात दाणा भरतो की नाही याची चिंता. शहरातल्या खुर्चीवर कोण बसतो त्याने आपल्या पऱ्हाटीला एक बोंड जास्त लागणार आहे काय?

नाही लागणार. तरीही बोलायचे, याला कारण आहे. शहराचा नळ आपल्याकडच्या धरणाला जोडलेला आहे. शहराचे गटार आपल्या नदीत जाते. आपली माय भाजीची पाटी घेऊन ज्या रस्त्याच्या कडेला बसते तो रस्ता महापालिकेचा आणि तिच्याकडून बसायचे पैसे घेणारा माणूस महापालिकेच्या ठेकेदाराचा. आपली पोरे अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी तिथे खोल्या करून राहतात आणि आठ दिवसांनी येणाऱ्या नळाचे पाणी पितात. एवढे सगळे ज्या घरात ठरते, त्या घराचा कारभारी कोण आणि त्याच्या कमरेला चावी आहे की नाही, हे आपण पाहायचे नाही तर कुणी पाहायचे?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यात नांदेड-वाघाळा होती आणि लातूरही होती. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. नांदेडला भारतीय जनता पक्षाला बहुमत मिळाले, लातूरला काँग्रेसला मिळाले. दोन्हीकडे गुलाल उधळला, फटाके वाजले, मोटारसायकली फिरल्या. शहरात नोकरी करणारी, दुकान टाकलेली आपलीच भावकी त्या मिरवणुकीत नाचली. त्यांचा आनंद खोटा होता असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो, की त्यांनी निवडून नेमके काय दिले?

एकेचाळीस हात

महापौर कसा होतो ते आधी नीट समजून घेऊ. पुष्कळांची समजूत आहे की लोक मत देतात आणि महापौर निवडून येतो. तसे नाही. लोक निवडतात ते नगरसेवक. नांदेडला ८१, लातूरला ७०. हे नगरसेवक पहिल्या सभेत आपल्यातल्याच एकाला महापौर करतात आणि तेही हात वर करून. म्हणजे नांदेडला एकेचाळीस हात आणि लातूरला छत्तीस हात ज्याच्या बाजूने वर गेले तो महापौर. २०११ च्या जनगणनेत नांदेडची वस्ती साडेपाच लाख होती, लातूरची पावणेचार लाखांच्या पुढे. आता ती किती वाढली असेल ते तुम्हीच समजा. एवढ्या लोकांचा पहिला नागरिक एकेचाळीस किंवा छत्तीस हातांनी ठरतो. मुदत अडीच वर्षांची. पद कुणासाठी राखीव, ते मुंबईत सोडत काढून ठरते.

आता तुम्ही म्हणाल, देगलूरला तर नगराध्यक्षाला आम्ही थेट मत दिले, उदगीरला दिले. बरोबर आहे. नगरपालिकेला एक नियम आणि महानगरपालिकेला दुसरा. नगराध्यक्षाचेही काय झाले पाहा. २००१ साली थेट निवड आली. २००६ साली ती काढली. २०१६ ला पुन्हा आणली. २०२० ला पुन्हा काढली. २०२२ ला पुन्हा आणली. सरपंचाचेही असेच, २०१७ ला थेट, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. मुंबईतले सरकार बदलले की गावचा कारभारी निवडायची रीत बदलते. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात आपण हेच भोगले. एका हंगामात एक ग्रेड, पुढच्या हंगामात दुसरी, आणि ग्रेड लावणारा माणूस शेतकऱ्याला कधी विचारत नसे.

मुंबईत बसलेल्याला थेट निवड सोयीची असेल तेव्हा थेट, आडून सोयीची असेल तेव्हा आडून. यात मतदाराच्या सोयीचा विचार कुणी केलेला मला तरी दिसत नाही.

लातूरची सभा

लातूरची गोष्ट सांगतो. ही घडलेली आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगण्यासारखी आहे.

लातूरला महानगरपालिका झाली २०११ साली. २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला ७० पैकी ४९ जागा मिळाल्या, भाजपला एकही नाही. विलासराव देशमुखांचे गाव. त्यात कुणाला नवल वाटले नाही. पुढे २०१७ च्या एप्रिलमध्ये दुसरी निवडणूक झाली आणि शून्यावर असलेला भाजप थेट ३६ वर गेला. काँग्रेस ३३, राष्ट्रवादी १. सत्तरातले छत्तीस म्हणजे काठावरचे, पण बहुमतच. भाजपचा महापौर झाला.

अडीच वर्षे गेली. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी दुसऱ्या अडीच वर्षांसाठी महापौराची निवड होती. काँग्रेसकडून विक्रांत गोजमगुंडे आणि भाजपकडून शैलेश गोजमगुंडे. आडनाव एकच, म्हणजे गोजमगुंडे होणार हे तर पक्के होते! लोकांनी भाजपला बहुमत दिलेले. हात वर झाले तेव्हा भाजपचेच काही हात तिकडे गेलेले निघाले आणि काँग्रेसचा महापौर झाला. भाजपमधून फुटलेल्याला उपमहापौरपद मिळाले.

लातूरच्या मतदाराने २०१७ साली एक पक्ष निवडला आणि २०१९ साली त्याला दुसरा मिळाला, मध्ये कुणी त्याला विचारले नाही. यात काँग्रेस वाईट आणि भाजप चांगला असा अर्थ कुणी काढू नये. त्याच दिवशी उल्हासनगरलाही असेच घडले. शिवाय दुसऱ्याच दिवशी, २३ नोव्हेंबरला, भल्या पहाटे मुंबईच्या राजभवनात काय झाले ते तुम्ही दूरदर्शनवर पाहिले आहे. ज्याला जिथे जमले त्याने तिथे केले.

पक्षांतराला बंदी घालणारा कायदा राज्यात १९८६ सालापासून आहे. म्हणून तर महापौराच्या निवडीआधी नगरसेवकांना सहलीला नेण्याची रीत पडली. मोंढ्यात सौदा व्हायच्या आधी ढीग झाकून ठेवतात, दुसऱ्या आडत्याची नजर पडू नये म्हणून, तसेच हे. फरक इतकाच, की मोंढ्यात भाव मोठ्याने पुकारतात आणि पट्टीवर लिहून देतात.

पाटी आणि दुकान

आता नांदेडकडे येऊ. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ सालची. २०१२ ला काँग्रेसला ८१ पैकी ४१ जागा मिळाल्या, म्हणजे नेमके काठावर. त्याच वेळी हैदराबादच्या एमआयएमला ११ जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात त्या पक्षाचा पाय पहिल्यांदा रोवला गेला. २०१७ च्या ऑक्टोबरात अशोकराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा घेतल्या. सगळ्या देशात काँग्रेस हरत होती आणि नांदेडला विरोधकांना बसायला बाक उरला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भाजपमध्ये गेले. २०२६ च्या जानेवारीत नांदेडला भाजपचे बहुमत आले. पाटी बदलली, गल्ल्यावरचे लोक पुष्कळसे तेच. शहराने मत बदलले की गल्ल्यावरच्यांनी पाटी, ते ज्याचे त्याने ठरवावे.

मला मात्र त्या ७३ जागांचे पुढे काय झाले यात जास्त रस आहे. एवढे पाशवी बहुमत, फुटाफुटीची भीती नाही, सहलीला न्यायचे कारण नाही. मग निदान एक महापौर अडीच वर्षे सुखाने राहील की नाही? २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत नांदेडला चार महापौर झाल्या. चारही आपल्या भगिनी. सरासरी काढली तर एकीला सव्वा वर्ष. नवा बैल दावणीला रुळायला आणि जोडीदाराबरोबर चालायला एक हंगाम जातो. इथे माणसाला शहराचा नकाशा कळेपर्यंत राजीनामा लिहायची वेळ येते.

त्या भगिनींना मी दोष देत नाही. बाईला राखीव जागेवर बसवायचे आणि तिचा हात धरून सही दुसऱ्याने करायची, हे ग्रामपंचायतीत आपण पाहतो. शहरात वेगळे काही असेल अशी आशा धरायला कारण नाही. परंतु महापौर सव्वा वर्षात बदलला काय आणि अडीच वर्षांत बदलला काय, शहराचे काही अडत का नाही? नळ पूर्वीइतकाच येतो, कचरा पूर्वीइतकाच उचलला जातो. घरचा कारभारी वर्षाला बदलला आणि चूल तशीच पेटत राहिली, तर समजावे की रांधणारा कुणी दुसराच आहे.

चावी

रांधणारा कोण, ते कायद्यात लिहिलेले आहे. आपल्या महापालिका १९४९ सालच्या कायद्यावर चालतात. त्याचे नाव आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे केले आहे, पण हाडे जुनीच. या कायद्याने कारभाराचा अधिकार आयुक्ताला दिला आहे. आयुक्त नेमते राज्य सरकार. नोकर त्याच्या हाताखाली, कामे त्याच्या सहीने, अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा त्याचा. महापौर सर्वसाधारण सभेच्या खुर्चीवर बसतो, समसमान मते पडली तर एक जादा मत देतो आणि पाहुणा आला तर हार घालतो. पैशाच्या मंजुरीचे थोडेफार चालते ते सोळा जणांच्या स्थायी समितीत, म्हणून नगरसेवकांची खरी ओढ महापौराच्या खुर्चीपेक्षा त्या सोळांत शिरण्याकडे असते.

आपल्या सरपंचाशी तुलना करा. सरपंचाला आपण नावे ठेवतो. पण ग्रामपंचायतीच्या चेकवर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाची सही लागते. सरपंच अडून बसला तर पैसा हलत नाही. दोन हजार वस्तीच्या गावच्या सरपंचाला जो अधिकार आहे, तो साडेपाच लाखांच्या नांदेडच्या महापौराला नाही. महापौराच्या सहीवाचून महापालिकेचा एकही चेक अडत नाही.

ज्वारी पोटऱ्यात आली की आपण बुजगावणे उभे करतो. अंगात सदरा, डोक्याला मडके. पहिले दोन दिवस पाखरे लांबून जातात. तिसऱ्या दिवशी त्याच मडक्यावर बसून दाणे टिपतात. महापौराच्या अंगावरचा झगा पाहिला की मला ते आठवते.

कुणी म्हणेल, आयुक्त ऐकत नसेल तर त्याला घालवता येते. येते, कायद्यात सोय आहे. एकूण नगरसेवकांच्या आठ भागांपैकी पाच भागांनी ठराव केला तर आयुक्ताला परत पाठवता येते. नांदेडला त्यासाठी ५१ हात लागतील, लातूरला ४४. कागदावर मोठी ताकद आहे ही. तिचे प्रत्यक्षात काय होते ते नवी मुंबईने २०१६ च्या ऑक्टोबरात पाहिले. तुकाराम मुंढे तिथे आयुक्त होते. त्यांच्याविरुद्ध १११ पैकी १०५ नगरसेवकांनी ठराव केला, फक्त सहा विरुद्ध. राज्य सरकारने तो ठराव अमलात येऊ दिला नाही. मुंढे तिथेच राहिले आणि पुढच्या मार्चमध्ये सरकारला वाटले तेव्हा त्यांची बदली झाली. मुंढे चांगले की नगरसेवक चांगले, हा वाद मी इथे करत नाही. माणूस कडक होता आणि पुष्कळांना आवडत होता. मी दाखवतो ते एवढेच, की निवडलेल्या १०५ हातांपेक्षा मंत्रालयातला एक हात जड निघाला.

याच्याही पुढची पायरी आपण नुकतीच पाहिली. लातूरच्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मे महिन्यात संपली, नांदेडची त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर. आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला, प्रभागांची रचना पुन्हा पुन्हा झाली आणि निवडणूक पुढे पुढे गेली. मे २०२५ मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्या असे बजावले तेव्हा चाक हलले. लातूरला साडेतीन वर्षांहून जास्त, नांदेडला तीन वर्षांहून जास्त, ना महापौर ना नगरसेवक. प्रशासक. जिल्हा परिषदाही त्याच काळात प्रशासकाकडे होत्या. एवढी वर्षे निवडलेला एकही माणूस नव्हता आणि त्यावरून कुठे चक्का जाम झाला नाही. लोकांना फरकच पडला नाही, असे म्हणायला शहरातले शहाणे मोकळे. मी म्हणतो फरक पडला होता, पण तो आधीच पडून गेला होता. ज्याच्या हातात काही नव्हते तो गेल्याने कुणाचे काय जाणार?

पाण्याची गाडी

अधिकार नसलेला महापौर आणि तहानलेले शहर यांचा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेला. २०१६ सालचा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे. हे धरण बीड जिल्ह्यात धनेगावला. बांधले ते शेतीला पाणी देण्यासाठी आणि आता लातूर शहर त्याच्यावर जगते. मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. हंड्यासाठी जमावबंदी! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णाकाठचे पाणी ऑगस्टपर्यंत येत राहिले.

आता आठवून पाहा. जमावबंदी कुणी लावली? जिल्हाधिकाऱ्याने. गाडी कुणी पाठवली? रेल्वेने, केंद्र आणि राज्य सरकारच्या सांगण्यावरून. धरणातले शिल्लक पाणी कुणाला किती, हे कुणी ठरवले? सरकारी समितीने. लातूरला त्या वेळी महापौर होता, सत्तर नगरसेवक होते, सगळे घर भरलेले होते. शहराच्या तोंडचे पाणी पळाले तेव्हा त्या घरातल्या कुणाच्याही हातात पाण्याची चावी नव्हती.

आणि त्याच वर्षी लातूरच्या आजूबाजूच्या गावांत काय चालले होते? तिथे रेल्वे गेली नाही. जनावरे छावणीला किंवा बाजाराला. विहिरी आणि बोअर सरकारने अधिग्रहण केलेले. आम्ही तक्रार केली नाही, तहानलेल्याला पाणी द्यायचे असते. पण हिशेब विचारण्याचा हक्क सोडलेला नाही.

नांदेडचे वेगळे नाही. विष्णुपुरीचा प्रकल्प शंकररावांनी आणला तो गोदावरीचे पाणी उचलून नांदेड, लोहा, कंधारच्या कोरड्या रानावर चढवण्यासाठी. कंधारकर इथे बसलेले आहेत, त्यांनी आपल्या बांधावर ते पाणी किती वेळा पाहिले ते सांगावे. टंचाईचे वर्ष आले की शहरासाठी पाणी राखायचे म्हणून जलाशयाकाठच्या शेतीपंपांची वीज तोडतात. तोडण्याचा हुकूम महापौर काढत नाही. म्हणून त्याच्या दारात जाऊन बसलो तर तो दोन हात वर करतो आणि तो खोटेही बोलत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या दारात गेलो तर ते म्हणतात, शहराची मागणी महापालिकेने नोंदवली. आयुक्ताकडे गेलो तर ते म्हणतात, पाटबंधारेवाल्यांना विचारा. तोवर भुईमूग वाळून जातो.

शहराच्या नळाला किती पाणी लागते, त्यातले किती फुटलेल्या पाइपातून जमिनीत जाते, किती जणांच्या नळाला मीटर आहे, यातले काहीही त्या मागणीच्या कागदावर आपल्याला वाचायला मिळत नाही. आणि वापरून झालेले पाणी? ते गोदावरीत. नांदेडच्या खालच्या अंगाला मुदखेड, उमरी, धर्माबादची नदीकाठची गावे तेच पाणी उपसतात.

पैसा वरून, हुकूम वरून

महापौर इतका दुबळा का, याचे दुसरे अंग पैशाचे आहे. पूर्वी महापालिकेचा स्वतःचा पैसा म्हणजे जकात. नाक्यावर आपली बैलगाडी अडवून मालाची पावती मागणारे दिवस वयस्कर लोकांना आठवत असतील. मी जकातीची बाजू घेणार नाही. व्यापाऱ्याने भरलेला प्रत्येक कर शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून निघतो. जकातीच्या जागी एलबीटी आला; राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी सरकारने काढून घेतला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून महापालिका राज्य सरकारच्या महिन्याच्या भरपाईवर जगते. हप्ता आला तर पगार, उशिरा आला तर बोंब.

नांदेडचे रस्ते, पूल, घाट २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्याआधी झाले. शहराचा चेहरा बदलला हे मान्य. तो पैसा दिल्लीतून आला, मुंबईतून आला. नांदेडकरांनी स्वतःहून उभा केलेला नव्हता. दुसऱ्याच्या पैशाने झालेल्या कामाचा हिशेब कोण कुणाला देणार? ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडेच माणूस तोंड करून उभा राहतो. महापौराचे तोंड मतदाराकडे नाही, मुंबईकडे आहे, ते याच कारणाने.

इथे एक गंमत तुमच्यापुढे ठेवतो. शंकरराव चव्हाण राज्याच्या मंत्रिमंडळात जाण्याआधी नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. शिवराज पाटील चाकूरकर १९६७ ते १९६९ लातूरचे नगराध्यक्ष होते. आपल्या दोन कोरडवाहू जिल्ह्यांतले दोन नगराध्यक्ष पुढे देशाचे गृहमंत्री झाले. आणखी ऐका. शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी दुरुस्ती डिसेंबर १९९२ मध्ये लोकसभेत मंजूर झाली तेव्हा नांदेडचे माजी नगराध्यक्ष गृहमंत्री होते आणि लातूरचे माजी नगराध्यक्ष लोकसभेच्या सभापतीच्या खुर्चीत बसले होते. नळाची पळापळ, झाडूवाल्यांचे पगार, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या, हे त्या दोघांनी जवळून पाहिलेले. त्या दुरुस्तीने पालिकांसाठी अठरा विषयांची यादी केली. पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी, सगळे तिच्यात आहे. मात्र राज्याने हे अधिकार दिलेच पाहिजेत असे लिहिले नाही. देता येतील, असे लिहिले. १९९३ च्या जूनपासून ती दुरुस्ती लागू आहे आणि ‘देता येतील’ तसेच आहे. पाटलाने गड्याला सांगावे, सवड झाली की तुझी मजुरी देता येईल, तशातला प्रकार.

दुसरीकडे असेच असते असे नाही. न्यूयॉर्कचा महापौर लोक थेट निवडतात आणि पोलीस आयुक्त तो स्वतः नेमतो. लांब कशाला, कोलकात्याला महापौर आणि त्याचे सहकारी मिळून मंत्रिमंडळासारखा कारभार पाहतात. आपल्या राज्याने १९९८ च्या सुमारास मुंबई आणि नागपुरात तसा प्रयोग केला आणि थोड्याच दिवसांत गुंडाळला.

मग आपण काय करायचे?

नुसती थेट निवड करा, असे मी म्हणणार नाही. हातात चावी नसलेला माणूस थेट निवडला काय आणि आडून निवडला काय. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे झाले, की एकही विषय पुढे सरकत नाही, हेही राज्यातल्या लहान गावांनी पाहिले आहे. आधी अधिकार आणि पैसा उभा करण्याची जबाबदारी दोन्ही त्या घरात यायला हवीत. नळाचा खर्च नळवाल्याने भरावा, गटाराचा खर्च गटार सोडणाऱ्याने भरावा आणि त्याचा जाब मतदाराने आपल्या महापौराला विचारावा. आयुक्त त्याच्या हाताखाली असावा. अशा महापौराशी आपल्याला समोरासमोर बसून पाण्याचा व्यवहार करता येईल. आज समोर कुणीच नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तीन कामे आहेत.

भाजी, हुरडा, कोंबड्या घेऊन शहरात बसणाऱ्या आपल्या बायांकडून तहबाजारी घेतात. तिचा दर आणि तिचा ठेका हा विषय सभागृहाच्या आणि स्थायी समितीच्या हातातला आहे. इथे महापौराला दोन हात वर करता येणार नाहीत. ठेक्याची प्रत मागा, मंजूर दर किती ते पाहा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. महिला आघाडीने हे काम अंगावर घ्यावे, पुरुषांच्याने ते होणार नाही. मोंढ्याच्या आतला कारभार बाजार समितीचा आहे, तिथे भांडण वेगळे आणि मतदार वेगळे. दोन्हींची गल्लत करू नका.

दुसरे, नव्या नगरसेवकांपैकी पुष्कळांची शेती अजून आपल्या गावात आहे. त्यांना बोलावून एकच विचारा, तुमच्या शहराचा पाण्याचा हिशेब सभागृहात ठेवा असा ठराव तुम्ही मांडणार की नाही? पक्ष विचारू नका. पक्ष अडीच वर्षांनी काय असेल ते त्यांनाही सांगता येत नाही.

तिसरे काम ऑक्टोबरचे. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे तो पाहून शहराला किती पाणी राखायचे आणि शेतीला किती सोडायचे हे ठरते. मांजराचे ठरते, विष्णुपुरीचे ठरते. त्या बैठकीआधी आठ दिवस महापालिकेकडे लेखी अर्ज द्या. वर्षात किती पाणी उचलले, किती घरांना पोचले, किती वसुली झाली, हे तीन आकडे मागा. अर्जाची एक प्रत आयुक्ताला, एक जिल्हाधिकाऱ्याला आणि एक महापौराला. तिसरी प्रत मुद्दाम द्यायची. महापौरांना म्हणावे, साहेब किंवा ताई, जे असतील ते, बैठकीला आमच्याबरोबर चला आणि तुम्हाला आत घेतात की नाही ते आपण मिळून पाहू.

नांदेडकरांचे अर्ज कोण लिहिणार, लातूरचे कोण, ही नावे आज उठण्यापूर्वी वहीत लिहून द्या.